उताराच्या उलट चढणारे मोगल

दोस्तांनो, 'मोगल' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभं राहतं? आग्र्याची कैद, मिठाईचे पेटारे, औरंगजेबाचा दरबार. चौथीचं इतिहासाचं पुस्तकच उघडतं, नाही का? पण कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या एखाद्या शाळकरी मुलाला हाच शब्द ऐकवा. तो म्हणेल, "मोगल ना? आज सकाळपासून दोन-तीनशे ओलांडले. गुडघे बोलायला लागलेत आता!"

दचकलात ना? हे मोगल तलवारवाले नव्हेत बरं का! बर्फाळ उतारावर कासवांच्या पाठी मांडून ठेवाव्यात तसे बर्फाचे उंचवटे तयार होतात, त्यांना स्कीइंग करणारे लोक 'मोगल' म्हणतात. आणि गंमत ऐका. गडगंज श्रीमंत उद्योगपतीलाही इंग्रजीत 'मोगल' म्हणतात. तो शब्द आपल्याकडच्या मोगल बादशहांवरूनच तिकडे गेला. बर्फातल्या मोगलाचा मात्र बादशहाशी काडीचाही संबंध नाही. ऑस्ट्रिया आणि बव्हेरियाच्या जर्मन बोलीत लहानशा टेकाडाला 'मूगल' म्हणतात, त्याचा इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी 'मोगल' झाला.

तर आज आपण जायचंय या दुसऱ्या मोगलांच्या भेटीला. तेही ऐन थंडीत नव्हे, मोसम संपता संपता, एप्रिल महिन्यात. आपल्याकडे तेव्हा वार्षिक परीक्षा चालू असतात, बाजारात आंब्याच्या पेट्या यायला लागलेल्या असतात, आणि तिकडे बर्फाचे शेवटचे काही दिवस उरलेले असतात.

डोंगर की टेकडी?

मॉन्ट्रियल शहरातून मोटारीनं उत्तरेकडे निघालं की तासाभरात 'सँ-सोव्हर' नावाचं गाव लागतं. गावाला लागूनच स्कीइंगचा डोंगर. डोंगर म्हणायचं आपलं कौतुकानं! त्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ४१६ मीटरवर. आपलं पुणं सुमारे ५६० मीटरवर आहे. म्हणजे पुण्यातला माणूस घरात चटईवर झोपलेला असला, तरी या डोंगराच्या माथ्यापेक्षा उंचावरच असतो! पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा चढ मोजला तर जेमतेम २१३ मीटर. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या मंडळींना तो किरकोळच वाटेल.

हा डोंगर ज्या लॉरेन्शियन रांगेत आहे, ती जगातल्या सर्वांत जुन्या डोंगररांगांपैकी एक. तिथले खडक शंभर कोटी वर्षांच्या आसपासचे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे तिच्यापुढे अगदी तान्हं बाळ. एवढ्या काळात ऊन, पाऊस आणि हिमनद्यांनी तिला घासूनघासून बुटकं करून टाकलंय.

अशा बुटक्या डोंगरावर कुठला मोठा खेळाडू तयार होणार, असं तुम्ही म्हणाल. पण मोगल स्कीइंगमधला सर्वांत यशस्वी खेळाडू मिकाएल किंग्जबरी लहानपणी इथंच स्कीइंग शिकला. वर्ल्ड कपच्या नव्वदहून अधिक स्पर्धा त्यानं जिंकल्या आहेत. २०१४ आणि २०२२ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक आणि २०१८ मध्ये दक्षिण कोरियात सुवर्णपदक. मॉन्ट्रियलच्याच परिसरातला अलेक्झांद्र बिलोदो २०१० आणि २०१४ असा लागोपाठ दोनदा सुवर्णपदकाचा मानकरी. आणि मॉन्ट्रियलच्या तीन सख्ख्या बहिणी, माक्सिम, क्लोए आणि ज्युस्तीन दुफूर-लापॉइंट, २०१४ च्या ऑलिंपिकमध्ये एकाच शर्यतीत उतरल्या. धाकट्या ज्युस्तीनला सुवर्ण, मधल्या क्लोएला रौप्य! थोरली माक्सिम बारावी आली. त्या आईबाबांनी कुणासाठी टाळ्या वाजवल्या असतील, तुम्हीच सांगा.

हे कसं काय घडतं? जरा कागद-पेन्सिल घ्या. ऑलिंपिकमध्ये 'डाउनहिल' नावाची वाऱ्याच्या वेगाची शर्यत असते. पुरुषांच्या डाउनहिलला सुरुवात आणि शेवट यांच्या उंचीत निदान ८०० मीटर फरक लागतो. सँ-सोव्हरचे चार डोंगर एकावर एक रचले तरच ते जमेल. मोगलांचा उतार मात्र असतो साधारण २५० मीटर लांब आणि २८ अंशांचा. आपल्या घराचा जिना साधारण तीस-पस्तीस अंशांचा असतो, म्हणजे जिन्याहून थोडासाच सौम्य. नववी-दहावीच्या मंडळींनी २५० ला साइन २८ नं गुणून पाहावं. उत्तर येईल ११७ च्या आसपास. एवढी उंची असली की ऑलिंपिकच्या तोडीचा मोगल-उतार तयार! २१३ मीटरच्या डोंगरात तो आरामात बसतो.

शिवाय डोंगर लहान, म्हणून खुर्च्यांची लिफ्ट तुम्हाला काही मिनिटांत वर पोहोचवते. खाली आलात की लगेच पुन्हा वर. रात्री उतारावर दिवे लावतात, त्यामुळे शाळा सुटल्यावरही जाता येतं. मला विचाराल तर खरी गोम इथंच आहे. ज्या डोंगरावर दिवसातून वीस-पंचवीस वेळा मोगल ओलांडायला मिळतात, तो डोंगर उंच नसला तरी शिकणाऱ्याला चालतो.

मोगल बांधतो कोण?

कुणीच नाही! मोठ्या स्पर्धांसाठी यंत्रानं आणि फावड्यानं मोगल रचतात हे खरं, पण एरवी ते आपोआप उभे राहतात. शाळेच्या मैदानातून पायवाट कशी पडते, आठवून पाहा. एक मुलगा तिरका जातो, दुसरा त्याच्याच पावलांवर, आणि महिन्याभरात गवत जाऊन तिथं स्वच्छ वाट दिसायला लागते. इथंही तसंच. पहिला स्कीवाला वळतो तेव्हा त्याच्या पायातल्या पट्ट्या बर्फ खरवडून बाजूला ढकलतात. तिथं छोटासा ढीग होतो. मागून येणाऱ्याला त्या ढिगाला वळसा घालणंच सोयीचं पडतं, म्हणून तो तिथंच वळतो आणि ढिगात भर घालतो. शंभर माणसं गेली की खळगे खोल होतात, ढीग फुगतात आणि सगळा उतार बुद्धिबळाच्या पटासारखा दिसायला लागतो. एक उंचवटा, शेजारी खळगा, खालच्या ओळीत पुन्हा उलट.

आता खरी नवलाची गोष्ट. हे मोगल जागचे हलतात. आणि कुठल्या दिशेला? वर!

विश्वास बसत नाही ना? अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या एका उतारावर शास्त्रज्ञांनी मोसमभर कॅमेरा लावून मोगलांचे फोटो काढले. २००९ साली त्यांनी निष्कर्ष जाहीर केले. मोगल दिवसाला सुमारे ८ सेंटिमीटर, म्हणजे हिवाळाभरात जवळजवळ १० मीटर, डोंगर चढून वर जातात!

त्यात जादू काही नाही. स्कीवाला उंचवट्याच्या खालच्या अंगाला पट्ट्या रोवून वेग आवरतो. तिथला बर्फ खरवडला जातो आणि घरंगळून पुढच्या उंचवट्याच्या वरच्या अंगावर जाऊन बसतो. म्हणजे प्रत्येक मोगल खालच्या बाजूनं झिजतो आणि वरच्या बाजूनं वाढतो. बर्फाचा कण न् कण खालीच जातो, पण मोगलाचा आकार मात्र वर सरकतो. वाळूचा ढीग घेऊन हा प्रयोग घरीसुद्धा करून बघता येईल. एका अंगाची वाळू काढा, दुसऱ्या अंगाला टाका आणि बघा ढीग कुठं चाललाय ते.

सकाळी काच, दुपारी गोळा

चला, आता पायात ते कडक बूट चढवा, डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना काळा चष्मा. नाकाला आणि गालांना मलमही चोपडा. आकाशातून येणारं ऊन कमी पडतं म्हणून की काय, बर्फावरून परतलेलं ऊनही तोंडावर येतं. एप्रिलमध्ये नवखे लोक इथं चेहऱ्याचा टोमॅटो करून घरी जातात.

सकाळचे साडेआठ. लिफ्ट नुकतीच सुरू झालीय. तुमचा पाय मोगलांकडे ओढ घेतोय. थांबा! आत्ता तिकडे जायचं नाही.

कारण समजायला बर्फाची थोडी ओळख हवी. आपण आकाशातून पडणाऱ्या हिमाला बर्फच म्हणतो आणि फ्रिजमधल्या खड्यालाही बर्फच. पण ज्यांना त्यावरून घसरायचं असतं त्यांना भेद करावा लागतो. जानेवारीतलं हिम असतं पिठासारखं, नाजूक चांदण्यांचं. एप्रिलमध्ये दिवसा ऊन लागून वरचा थर वितळतो. कणांभोवती पाणी जमतं. रात्री पारा शून्याखाली गेला की ते पाणी गोठतं आणि कण एकमेकांना चिकटतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं चार-सहा दिवस झालं की बारीक कण नाहीसे होतात आणि उरतात जाड, गोल दाणे, थेट साबुदाण्यासारखे. सकाळी हे सगळे दाणे गोठून एकसंध झालेले असतात. काचेचाच डोंगर म्हणा ना! पट्ट्यांखाली असा करकर आवाज येतो की दात शिवशिवतात. काल दुपारी कुणीतरी पाडलेली खाच आज दगडासारखी कडक झालेली असते. अशा वेळी मोगलांत शिरणं म्हणजे गुडघ्यांशी वैर. म्हणून जाणकार मंडळी सकाळी यंत्रानं सपाट केलेल्या उतारांवर अंग मोकळं करतात आणि अधूनमधून थांबून काठीचं टोक बर्फात खुपसून बघतात.

दहा-साडेदहाला काठी दोन-तीन बोटं आत जायला लागते. पहिल्यांदा ऊन ज्या अंगावर पडलं, तिथं. वरचे दाणे सुटे झाले, खालचा थर मात्र अजून घट्ट. हीच ती घटका! इथून पुढे दोन-अडीच तास मोगलांचं खरं राज्य. पट्टी अलगद रुततेही आणि घसरतेही. पडलात तरी लागत नाही. सबंध हिवाळ्यात मोगल शिकायला याहून चांगली वेळ सापडायची नाही.

(याच दिवसांत आसपासच्या रानात आणखी एक उद्योग चाललेला असतो. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊब, याच उलाढालीमुळे मेपलच्या झाडांतून गोड रस झरतो. आपल्या गुऱ्हाळासारखाच तिथं तो रस आटवतात. सुमारे चाळीस लिटर रसातून एक लिटर पाक निघतो. गरम पाक बर्फावर ओततात आणि काडीला गुंडाळून मुलं तो चाटत बसतात. सँ-सोव्हरला गेलात तर तेवढं विसरू नका.)

एसटीच्या मागच्या सीटवर

उताराच्या डोक्यावर उभं राहिलं की पोटात गोळा येतो. खाली बघाल तिकडे उंचवटेच उंचवटे. यातून जायचं कसं?

तुम्ही घाटात एसटीतून उभ्यानं प्रवास केलाय का? जो प्रवासी ताठ उभा राहतो, तो प्रत्येक खड्ड्याला आदळतो. जो गुडघे सैल सोडतो, त्याचे पाय बसबरोबर खालीवर होतात आणि डोकं मात्र जागच्या जागी राहतं. मोगलांचं अर्धं शास्त्र यात आलं. उंचवटा आला की गुडघे छातीकडे येऊ द्यायचे. उंचवटा ओलांडला की पाय लांब करून खळग्याचा तळ गाठायचा. उत्तम खेळाडूचं डोकं आणि खांदे पाहा, सरळ रेषेत खाली येताना दिसतील. खाली पाय मात्र शिवणयंत्राच्या सुईसारखे चालू!

उरलेलं अर्धं शास्त्र डोळ्यांचं. नवखा माणूस पायापुढच्या मोगलाकडेच टक लावून बघतो. तो कळेपर्यंत पुढचा आलेला असतो. म्हणून नजर नेहमी दोन-तीन मोगल पुढे ठेवायची. हात पुढे, जणू जेवणाचं ताट धरलंय. आणि एक नियम कधीही मोडायचा नाही. खाली जो आहे त्याचा हक्क पहिला. त्याला मागचं दिसत नसतं, तेव्हा त्याला चुकवून जाण्याची जबाबदारी वरून येणाऱ्याची. हे मुलांइतकंच त्यांच्याबरोबर आलेल्या आईबाबांनीही ध्यानात ठेवावं, कारण धडका द्यायला मोठी माणसंही कमी नसतात.

मोगल स्कीइंग १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये केवळ प्रात्यक्षिक म्हणून दाखवलं गेलं आणि १९९२ मध्ये फ्रान्समधल्या आल्बेरव्हिलला पहिल्यांदा त्याला पदकं मिळाली. स्पर्धेत दोन मोगल साधारण साडेतीन मीटर अंतरावर असतात आणि वाटेत दोन उड्या घ्याव्या लागतात. शंभरपैकी साठ गुण वळणांना, वीस उड्यांना आणि वीसच वेगाला. म्हणजे सर्वांत आधी खाली पोहोचलेला जिंकेलच असं नाही. परीक्षक तुमच्या गुडघ्यांकडे पाहत असतात!

तीन वाजता

दुपारचा एक वाजून गेला. आता बर्फ चक्क गोळेवाल्याच्या गोळ्यासारखा झालाय, सरबत ओतायचंच बाकी. पट्ट्या एकदम अडतात, मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारख्या. खरं तर पट्टी बर्फावरून घसरते तीच पाण्याच्या अगदी पातळ थरावरून. पण पाणी फार झालं की ते पट्टीला चिकटून धरतं. टेबलाच्या ओल्या काचेवरून वहीचं प्लॅस्टिकचं कव्हर ओढून पाहा, म्हणजे कळेल.

स्पर्धा असली की अशा वेळी आयोजक उतारावर चक्क मीठ फेकतात! मिठानं बर्फ वितळत नाही का? थोडासा वितळतो. पण वितळायला लागणारी उष्णता तो शेजारच्या बर्फातूनच ओढून घेतो, त्यामुळे तो शेजारचा बर्फ आणखी थंड होतो आणि वरचा चिखल काही वेळ घट्ट बसतो. उन्हाळ्यात पॉट आइसक्रीम करताना आजी लाकडी बादलीत बर्फावर खडे मीठ घालायची, ते याचसाठी.

खळग्यांच्या तळाशी आता तपकिरी डाग दिसू लागलेत. माती, वाळलेलं गवत, मधूनच एखादा दगड. तीनच्या सुमाराला डोंगराची सावली उतारावर सरकते आणि ओला बर्फ पुन्हा आवळायला लागतो. एव्हाना मांड्या भरून आलेल्या असतात. नेमक्या याच वेळी मित्र म्हणतो, "चल रे, शेवटची एक!"

ही 'शेवटची एक' फार महागात पडू शकते. ओल्या बर्फात पट्टी रुतली आणि शरीर वळलं, की गुडघ्याच्या आतला अस्थिबंध पिळवटतो. पडल्यावर बुटातून पट्टी सुटावी म्हणून कळ असते, पण सावकाश पिळ बसला तर ती दर वेळी सुटेलच असं नाही. अगदी किंग्जबरीसुद्धा यातून सुटलेला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये फिनलंडमध्ये सराव करताना उडीवरून पडून त्याच्या पाठीचे दोन मणके मोडले. तो घाईनं बर्फावर गेला नाही. आणि मार्च २०२१ मध्ये कझाकस्तानात झालेल्या जागतिक स्पर्धेत दोन सुवर्णपदकं घेऊन आला. तिथल्या मुलांच्या तोंडी अजूनही ही गोष्ट असते.

तेव्हा मित्राला सांगा, "शेवटची झाली. मघाशीच."

उरलेला बर्फ

लिफ्टमधून उतरताना आसपास नजर टाका. सगळ्या टेकड्या करड्या-तपकिरी, झाडांखाली चिखल आणि मधोमध हा एवढा पांढरा पट्टा. हा उरला कसा? आकाशातून पडलेल्या हिमावर सँ-सोव्हरचं भागत नाही. थंडीच्या दिवसांत इथं बर्फाच्या तोफा चालतात. दाबलेल्या हवेबरोबर पाण्याचा बारीक फवारा उडवायचा, तो हवेतच गोठून खाली पडतो. जानेवारीत असे काही मीटर जाडीचे थर एका उतारावर रचून ठेवले की ती शिल्लक एप्रिलअखेर, एखाद्या वर्षी मे महिन्यातही पुरते. लोक अर्ध्या चड्डीत आणि टी-शर्टात मोगल ओलांडताना दिसतात ते त्यामुळेच.

पण तोफेला थंडी लागते. पारा शून्याखाली दोन अंशांच्या आसपास तरी गेला पाहिजे, नाहीतर फवारा फवाराच राहतो. क्वेबेकमधले हिवाळे आता पूर्वीइतके कडक राहिलेले नाहीत आणि ऐन मोसमातही मधूनच पाऊस पडतो. उन्हाप्रमाणेच पाऊस आणि धुकंही बर्फ खातात. मोठ्या, उंच डोंगरांना वर सरकायला जागा असते. ४१६ मीटरच्या टेकडीनं कुठं जायचं? सीमेपलीकडे अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात गेल्या काही दशकांत अशी शेकडो लहान स्कीइंगची ठिकाणं बंद पडली. काहींना बर्फ पुरला नाही, काहींना तोफांचा खर्च झेपला नाही. त्यांचे उतार आता झाडीत गडप झालेत. मुलं मोठ्या ठिकाणी जातात, पण तिथलं तिकीट महाग आणि वाट लांब. शाळा सुटल्यावर दप्तर टाकून जाता येईल असा डोंगर तो नव्हे.

सँ-सोव्हरचा पट्टा मात्र अजून टिकून आहे. रोज थोडा अरुंद होतो. एके दिवशी त्याचे मधोमध दोन तुकडे होतात, मग पायथ्याशी फक्त एक मळकट ढीग उरतो. पाणी ओहोळातून नॉर्थ नदीला मिळतं, तिथून ओटावा नदीला. आणि मोसम संपला तरी डोंगर रिकामा बसत नाही बरं का. उन्हाळ्यात त्याच उतारावर पाण्याच्या घसरगुंड्या सुरू होतात, आणि जिथं एप्रिलमध्ये तुम्ही काठी खुपसून बर्फ तपासत होतात, तिथं पोरं पोहण्याच्या चड्डीत रांग लावून उभी असतात.